ओला पारा

वैजूला हैदराबादेत नोकरी लागली
आणि त्याचा इग्वाना माझ्याकडं आला.
हिरवा, हातभर, गळ्याखाली लोंबती पिशवी,
नजर अशी, जणू माझ्या उधारीची वही त्याच्यासमोर उघडी आहे.
मी त्याला मुनीम म्हणते.

"मावशी, त्याला दमट लागतं. सत्तर टक्के."
दमट!
परभणीत, एप्रिलात,
जिथं दोरीवर चादर टाकून
दुसरं टोक नीट करेस्तोवर पहिलं कडक होतं.

दवाखान्यातून भंगारात निघालेलं औषधाचं कपाट
माझ्याकडं पडून होतं, काचेच्या दाराचं.
त्यात मुनीम, त्यात पेरूची फांदी, वर एक बल्ब.
यंत्र विकत मिळतं म्हणे.
पण चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईनं
दुकानातून वाफ आणावी?

आमच्या गयाबाईचा भाऊ मुंजाजी पूर्णेकडं रेशीम करतो.
तो तुतीचा पाला घेऊन आला, कपाटात डोकावला,
म्हणाला, "ताई, दोन थर्मामीटर टांगा.
एकाच्या बुडाला ओली वात.
दोघांत जेवढा फरक, तेवढी हवा तहानलेली."
आणि जाता जाता,
"आमचे किडे कातीवर बसले की आम्ही कोरडं ठेवताव.
तुमच्या ह्याचं उलटंच दिसायलंय."

वात नव्हती, गॉज होतं. गॉज कायम असतं माझ्याकडं.
कोरडा पारा छत्तीस.
ओला एकवीस.
पंधराचा फरक. मुनीमच्या बोटांवर
जुनी कात अंगठीसारखी आवळलेली,
शेपटीचं टोक काळपट.

मग मी चुकले.
ओली पोती, वरून प्लास्टिक, फटी चिकटपट्टीनं बंद.
तिसऱ्या दिवशी काच घामेजली,
पोत्याला पांढरी लव आली
आणि वास सुटला, तळघरातल्या केसपेपरांचा.
मुनीम शिंकला. काचेवर पांढरी भुकटी.
रात्री अकराला फोन केला तर वैजू हसतो,
"मावशी, मीठ आहे ते. नाकातून टाकतो तो."
मीठ तर मीठ. लव मात्र माझी होती.
खिडक्या उघडा, खिडक्या उघडा म्हणून
आख्ख्या वॉर्डावर ओरडलेली बाई मी.

प्लास्टिक फाडलं.
रऊफ मिस्त्रीकडून कूलरची जुनी वाळ्याची ताटी आणली,
बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा आणला, तळहाताएवढा.
(पैसे घेईना. म्हणाला, "सरड्याचे कसले पैसे, सिस्टर?"
मी सांगितलं, सरडा नाही.)
खिळ्याला सलाइनची बाटली,
नळी ताटीवर, चाकाला अंगठा,
आणि छातीवरचं उलटं घड्याळ
कपाटाच्या कडीला टाचलं.

मिनिटाला बारा थेंब.
दिवसाचं लिटरभरसुद्धा होत नाही.
नळ नवव्या दिवशी येतो, शेजारीण कुंपणावरून विचारते,
"पाली-सरड्याला पाणी घालू लालाव का हो?"
माठाखालची थाळी तिला दाखवते.
झिरपलेलं तेच वापरते मी. बोअरच्या पाण्यानं
नळी दोन दिवसांत चुन्यानं बसते.

लाइट गेली की पंखा थांबतो.
मग मी वर्तमानपत्रानं वारा घालते, ताटीला,
आणि अंधारात मोजत राहते. सवय.
पूर्वी थेंब थांबले की कुणाचं तरी नाव घेऊन
पळावं लागायचं.

काल पहाटे बत्तीस आणि सत्तावीस.
मुनीमचं बोट ओल्या गॉजमध्ये धरलं,
ओढलं नाही, नुसतं धरलं.
कात सुटली. पारदर्शक, नखासकट आकार,
बाहुलीच्या मोज्यासारखी.
शेपटीचं टोक मात्र जाणारच. सांगितलं वैजूला.
तो गप्प राहिला, मग म्हणाला, "न्यायला येतो दिवाळीत."

मी बरं म्हणाले.
दर उन्हाळ्यात माझा घुळणा फुटतो,
उशीवर लाल ठिपके.
यंदा खाट कपाटाशेजारी आहे,
अजून फुटला नाही.
बाटली बदलायची वेळ झाली.