खिव्याला जायचं तर

समरकंदहून पहाटे चारला निघू, एर्गाश म्हणतो.
खरबुजाची ताटली सरकवून नकाशा पसरतो,
घडीवर फाटलेला,
नेमका बुखारा चिरलेला.

मीथेनच्या रांगेत दोन तास धर.
गझलीनंतर वाळवंटच, पाण्याचे पाच कॅन,
स्टेपनीत हवा,
आणि तुझ्या गुडघ्यांसाठी दर शंभरावर थांबू.
अमू दर्या लागला की पुढे तुझं माहेरच.

मी हो म्हणते.
गेल्या वर्षीही म्हटलं होतं.
तिथल्या दारावरची नक्षी
आता फक्त बोटांना आठवते.

नान आत्ताच चावून ठेवू का, मी विचारते.
तो हसतो.
निघताना एक घास तोडायचा,
उरलेला खिळ्याला टांगायचा,
परतल्यावर संपवायचा.

खिळ्याला एक आहेच.
त्यावर जसूरच्या दातांची कमान,
तो कझानला गेला त्या सकाळची.
दगड झालाय त्याचा. धूळ मीच पुसते.

आपण वाटेत असताना तो आला तर?
हे मी विचारत नाही.

एर्गाश नकाशा मिटतो.
बुखारा आणखी थोडा फाटतो.
दुसरा खिळा ठोकावा लागेल, म्हणतो,
आणि हातोडी शोधायला उठतो,
की नुसताच उठतो.