पाऊणपट

नोटीस बोर्डावर, लसीकरणाच्या तक्त्याखाली
कुणीतरी कागद टाचला होता:
रविवारी सकाळी सव्वासात, वरळी किल्ल्यामागे.
समुद्राचं घड्याळ बघायला या. फुकट.
न घसरणाऱ्या चपला घाला.

माझी नाइट सातला सुटते.
झोप तशीही दहाशिवाय येत नाही.
ड्युटीच्या पांढऱ्या बुटांनीच गेले.

आम्ही अकरा जण. त्यातले चार एकाच घरचे,
एक आजोबा रस्ता चुकून आलेले, मग थांबले.
केतकी नाबर नावाची मुलगी,
हातात बादली, गळ्यात भिंग,
प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद:
पूर्ण ओहोटी, सात एक्केचाळीस.

कालवं फोडत बसलेली धर्मीबाई
मान वर न करता म्हणाली,
"आज बीज. दोनाची पाऊणपट दीड.
दीडला भरती. मागं सहा तास मोज."
आम्ही बोटांवर मोजलं. साडेसात.
अकरा मिनिटं उरली दोघींमध्ये,
आणि तेवढ्यात पाणी
दोघींनाही न विचारता
आणखी एक खडक सोडून गेलं.

केतकीनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं:
तिथी गुणिले पाऊण.
"हे मला कुणी शिकवलंच नाही."
"इचारलंस कवा?"
धर्मीबाईचा कोयता थांबला नव्हता.

मग चिखलाच्या पट्ट्यात तिनं तो खेकडा दाखवला,
एक नांगी नखाएवढी, दुसरी अंगाएवढी.
म्हणाली, याला उचलून खोलीत ठेवा,
ना समुद्र, ना चंद्र, उजेड सारखा एकच,
तरी इथं ओहोटी लागली
की तिथं हा चालायला लागतो.
कितीतरी दिवस.

"त्याला कोण सांगतं?" चौघांतला धाकटा.
केतकी जरा वेळ गप्प.
"थोडं कळलंय. पुरतं अजून नाही."

मला ती तिथं आवडली.
आमच्या वॉर्डात हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

परतताना मी तिला म्हटलं,
सतरा वर्षं नाइट करतेय.
पहाटे चारला सगळ्यांचा ताप उतरतो,
खाट नऊचा, खाट बाराचा, माझाही.
बरं वाटून झोपतात बिचारे.
सहाला नातेवाईक विचारतात, उतरला ना?
मी उतरला म्हणते. संध्याकाळचं
दिवसपाळीवर सोडून देते.

तिनं थट्टा केली नाही, कीवही नाही.
पिशवीतून एक वही काढली, आखलेली:
वेळ, तापमान, झोप, शेरा.
"पंधरा दिवस भराल? तुमच्यासारख्यांचे आकडे
आमच्याकडे फार कमी आहेत."
माझ्या सहीची रजिस्टरं गोदामभर असतील.
माझे आकडे कुणी मागितले नव्हते.

आता दुपार. खिडकीला काळी चादर,
चादरीला चिमटे, चिमट्यांमधून तरी
पट्टीएवढं ऊन फरशीवर सरकतंय.
खाली भंगारवाला, वर मिक्सर.
थर्मामीटर जिभेखाली धरून पडलेय.
पहाटे चारला सत्त्याण्णव पॉइंट एक होतं,
आता अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ.
सतरा वर्षं मी ह्याला रात्र समजावतेय.
शरीर ऐकून घेतं. हो म्हणतं.
आणि दुपारी उजेडाच्या बाजूला जाऊन उभं राहतं,
त्या खेकड्यासारखं, खोलीत, समुद्राशिवाय.

वहीत आकडा लिहिला.
झोप: नाही.
कॅलेंडरवर बघितलं, चतुर्थी.
चाराची पाऊणपट तीन.
घड्याळात तीनला पाच कमी.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं
ते तिनं सांगितलं नव्हतं.
मी लिहिलं, भरती.
खोडायला रबर शोधलं,
मग राहू दिलं.