सुगम

फाटकाशी पाटी आहे, हिरव्यावर पांढरी :
सुगम पथ, दोन किलोमीटर.
खाली कुणी खिळ्याने कोरलंय, पूजा, आणि एक बाण.
बाणाच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले होते, नवा गुडघा मातीवर चालवा,
फरशीवर नको.
म्हणून घरातून सिटी बस, मग बायपासवरून रिक्षा
करत करत मी मातीपर्यंत आले.
डब्यात पोहे. शेव वेगळी, कागदात बांधलेली,
मऊ पडू नये म्हणून.

मार्च. साग उघडाबोडका,
आणि त्याची सगळी पानं माझ्या पायांखाली
पापडासारखी मोडतायत.
एवढा आवाज मी घरातसुद्धा कधी केला नाही.
चौकीदार गुमानसिंग दहा पावलं पुढे,
मागे वळून न बघता
माझ्या चालीला चाल जुळवून.
काठी आहे, पण ती आपटत नाही.
"साँप के लिए आपके जूते काफ़ी हैं, आंटी."

वाट सोपी का, ते तिसऱ्या वळणावर कळलं.
चढ आहेच. लपवलाय.
टेकडीच्या पोटावरून आडवा, आडवा, आडवा,
जसा जुना हिशेबनीस
तोटा बारा महिन्यांत वाटून टाकतो.
कडेला बिनचुन्याचे दगड बसवलेत,
हत्ती जावा, पुढे मोटार जावी म्हणून.
अजून एकही हललेला नाही.

शिकारकोठी वर. कमानी, कुलूप,
खिडकीला काच नाही म्हणून आत बघता येतं.
भिंतीवर तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन,
आणि एक उरलेली :
वाघ आडवा, मागे टोप्या, मिशा,
अगदी कडेला अर्धा माणूस, कागद धरलेला.

आमचे पणजोबा शिकारखात्यात कारकून होते.
हा तेच असं मी म्हणणार नाही.
त्यांची एक वही आहे माझ्याकडे,
निवृत्त झाल्यावर मोडी शिकले ती केवळ तिच्यासाठी.
वाटलं होतं, काहीतरी निघेल.
निघालं ते असं :
काडतुसे एकशेदहा. बर्फ अर्धा मण.
बोकड दोन, पैकी एक कबरा.
हाकारे साठ, दर असामी दोन आणे.
एक जखमी, त्यास चार आणे जास्त.

हे मी गुमानसिंगला सांगितलं,
जरा तोऱ्यातच, खोटं कशाला बोलू.
तो हसला. "मेरे दादा के पिताजी हाके में थे.
नाम होगा उसमें?"

मी मनातल्या मनात पानं उलटली.
वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही.
बोकडाचा रंग आहे.
"नाम नहीं है," मी म्हणाले, "गिनती है."
"साठ?"
"साठ."
"तो ठीक है. उनमें एक वो."
आणि पाणी प्यायला, बाटली ओठांना न लावता.

उतारावर दोघंही बोललो नाही.
चंदनाच्या एका खोडाला तार गुंडाळलीये,
नंबर लिहिलाय लाल रंगात. तोही मी वाचला.

नाल्यापाशी तो थांबला. म्हणाला, सुनाऊँ?
घरी शिकवतात का हे, की आपोआप येतं,
विचारायचं राहिलं.
तोंडाभोवती दोन्ही तळवे धरून
त्याने हाक दिली. मोठी नव्हती.
आधी पोटातून, मग नाकातून, मग कुठूनच नाही.

टिटवी उठली.
झाडीत चितळ एकदा भुंकलं.
आणि माझा नवा गुडघा,
दोन लाख ऐंशी हजारांचा, पाच महिन्यांचा,
ज्याला कुठलीच आठवण असायचं कारण नाही,
मला न विचारता
वळला, आणि पळायला निघाला.