उशिराचा दाखला

लेकीनं ओसाकाहून पाकीट पाठवलं.
आत हिरव्या चहाची पुडी, दोन फोटो
आणि दोन बोटं रुंद एक कागद,
कडेला तारखेपाशी भोक पाडलेलं.
मागे तिच्या अक्षरात:
'गाडी सात मिनिटं उशिरा. धारकाचा दोष नाही.'

फोनवर म्हणाली, बाबा, खाजगी कंपनी आहे,
सरकारी नव्हे. उशीर झाला की
फाटकाशी माणूस उभा राहतो, टोपी काढून वाकतो,
मागेल त्याला हा कागद देतो.
शेवटच्या स्टेशनावर कंपनीचंच मोठं दुकान,
गरम पाण्याची कुंडं.
उलट्या दिशेचे डबेही रिकामे जाऊ नयेत म्हणून.

मी म्हटलं, आमचीही आधी खाजगीच होती की.
महाराजांची. दोन फुटी रूळ.
घोसीपुऱ्याहून निघायची, श्योपुरला पोचायची
पोचायची तेव्हा.
तिथं दुकान कसलं!
एक कडुनिंब नि कचोरीवाला कुशवाह,
तोही शिट्टी ऐकल्यावर कढई चढवणारा.

एकतीस वर्षं तिच्या शेपटाला होतो. गार्ड मोघे.
टपावर माणसं, सायकली, दुधाच्या कॅना,
एकदा मुंडावळ्यांसकट नवरदेव.
दाखला कुणी मागितला नाही.
जौऱ्याला एक पोरगा उतरला,
बारावीचा पेपर सुटून गेल्यावर.
काही बोलला नाही.
मी हिरवी झेंडी दाखवेपर्यंत बघत राहिला.

आता रूळही उचलले.

रात्री कपाटातून जुनं जर्नल काढलं,
मागची पानं कोरी होती.
लिहिलं: सतरा फेब्रुवारी ब्याण्णव.
कैलारसला इंजिन फेल.
गाडी एकोणीस तास उशिरा.
तेवढ्यात लेक जन्मली, लष्करात.
ऑपरेशनच्या कागदावर
नवऱ्याच्या रकान्यात
हिनं स्वतःचीच सही केली होती.

'धारक' लिहून थांबलो.
दाखला प्रवाशाला मिळतो.
मी तर गार्ड होतो.

मग हिचं नाव घातलं, सौ. शैला मोघे,
दोष नाही, असं लिहिलं,
पान फाडून तिच्या चष्म्याखाली ठेवलं.

सकाळी तिनं वाचलं.
उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.
चहाला आधण ठेवता ठेवता म्हणाली,
शिक्का कुठाय?