घोट्यापर्यंत पाणी

वही माझी होती. निळ्या पुठ्ठ्याची.
प्रेसमधून बिनपगारी रजा काढून
मी तीत लिहायचे: कपात चहा किती उरला,
पदर कुठल्या खांद्यावरून घसरला,
वातीवर काजळी किती.
सिनेमातलं सगळं खोटं खरं दिसावं म्हणून
तिथं एकटी मीच खरं लिहीत होते.

कादंबरी इंदुमती ओढेकरांची.
तीत यमू सातव्या वर्षापासून सत्तराव्यापर्यंत
सरळ चालत जाते, पानांच्या आकड्यांसारखी.
वामन गायधनींनी तिला आधीच म्हातारी केली,
घाटाच्या पायरीवर बसवली
आणि म्हणाले, आता आठव.

बाई उखडल्या.
भद्रकालीतल्या त्या खोलीत मिसळ निवत होती.
"माझी बाई पुढं चालते, गायधनी.
तुम्ही तिला उलट्या पावली का चालवता?
उलटी पावलं हडळीची असतात."
वामनराव रस्सा ओरपत राहिले. मग म्हणाले,
"पुढं चालणारी दोन तासांत थेटरातून निघून जाते.
मागं वळणारी लोकांबरोबर घरी येते."
बाई रागानं उठल्या.
पाव मात्र संपवून उठल्या.

भूतकाळ दिसावा म्हणून यूसुफ कोकणींनी
काचेच्या कडांना खोबरेल फासलं.
जानेवारी होता. गोदेवर वाफ,
लाइटवाल्यांच्या कानांना मफलर.
तेल थिजलं, पांढरं पडलं,
आणि यमूचं बालपण
कडेकडेनं गोठलेलं निघालं.
यूसुफभाई तळहातानं काच चोळत बसले, मग थांबले.
"राहू दे," म्हणाले. "मला माझंही असंच दिसतं."

मग ती चूक.

सोमवारी शॉट अठ्ठ्याऐंशी: यमू, वय सत्तर,
पाय पाण्यात. पाणी घोट्यापर्यंत.
शुक्रवारी एकोणनव्वद: तीच पायरी, तेच लुगडं,
तोच सुस्कारा, जिथं तुटला तिथून पुढं.
पण मधल्या दिवसांत
गंगापूर धरणातून आवर्तन सुटलेलं.
पाणी गुडघ्याला.
मी वही घेऊन धावले, जुळणार नाही, सर.
त्यांनी दुतोंड्या मारुतीकडे बोट केलं.
"त्याला विचार. एक तोंड इकडं, एक तिकडं,
पाणी मात्र दोघांच्या एकाच अंगाला चढतं."
मला काही कळलं नाही.
लाल शाईनं लिहिलं: चूक.

सिनेमा दोन आठवडे चालला,
दुसरा खुर्च्यांसाठी.
वामनराव पुढं खतांच्या जाहिराती करायला लागले.
यूसुफभाईंनी ओझरपासून सिन्नरपर्यंत लग्नं टिपली.
बाईंशी मी एकदाच बोलले, सराफ बाजारात.
त्या पैंजण मोडायला आल्या होत्या.
सिनेमाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.
आता तिघंही नाहीत.

परवा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
कुणीतरी शोधून आणलेली प्रत दाखवली.
पाचवं रीळ गहाळ.
यमू बोहल्याकडे निघते
आणि पुढच्याच क्षणी पांढऱ्या कपाळानं परत येते.
बाईंना हे आवडलं असतं.
मधली शंभर पानं जास्त झाली, त्याच म्हणायच्या.

मग अठ्ठ्याऐंशी.
मी खुर्चीचा हात धरला.
घोटा.
कट.
गुडघा.

हॉलमध्ये कुणी चुकचुकलं नाही.
फक्त माझ्या पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं
चपला तशाच खाली ठेवून
दोन्ही पाय
हळूच वर खुर्चीत घेतले.

घरी येऊन वही काढली. लाल शाई
विटकरी झालीय.
शब्द खोडला नाही.
चूक ती होतीच.