दुष्फेन

पहिल्या पाळीचं पाणी मी शंकूच्या चंबूत घेते.
अक्कलकोट रोडचं बोअर, साडेचारशे फूट,
दिसायला निर्मळ, थापाड्या पाहुण्यासारखं.
अमोनियाचा वास डोळ्यांत जातो,
चिमूटभर काळी पूड,
आणि पाणी द्राक्षाच्या दारूचा रंग धरतं.
म्हणजे आहे तो.

कॅल्शियम. दोन इलेक्ट्रॉन कधीच देऊन बसलेला,
तेव्हापासून ज्याला त्याला चिकटत फिरणारा.
साबणाला धरतो: फेस नाही, नुसती चिकट साय.
तुरीच्या डाळीला धरतो: सहाव्या शिट्टीलाही दाणा अख्खा.
रंगाला धरला की
मोरपंखी टॉवेलांच्या अख्ख्या लॉटवर गुठळ्यांचे डाग,
मग वर मालक, खाली मी, मध्ये हा.

कोंडय्या मास्तरांना माझी ब्युरेट लागत नाही.
पाण्यात दोन बोटं चोळतात,
"आज आठशे असंल."
माझं उत्तर येतं सातशे ऐंशी.
ते बढाई मारत नाहीत. नखांतली निळाई
चाळीस वर्षांची आहे, तिला कुठलं पाणी लागत नाही.

टाकीत राळेचे मणी आहेत, ज्वारीच्या कण्यांएवढे.
ते त्याला धरून ठेवतात
आणि बदल्यात सोडियम सोडतात, एकाला दोन,
आमच्या पेठेतल्या कुठल्याही दुकानापेक्षा चोख.
रविवारी मिठाच्या पाण्यानं मणी धुवायचे,
तो गटारात.
गटार पुढं कुठं जातं, ते विचारायचं नाही.

घरी, विडी घरकुलात,
किटलीच्या पोटात त्याचाच पांढरा थर.
तंबाखूच्या डबीत तोच, आई त्याला सुन्नम म्हणते.
भिंतीला तो. दिवाळीला परत तो.

मागच्या महिन्यात आई मोरीत नुसती टेकली
आणि मनगट गेलं.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
"हाडं विरळ झालीत. कॅल्शियम कमी."
मला हसू आलं. आई बघतच राहिली.
आठशे हो, डॉक्टर! तिच्या प्रत्येक तांब्यात!
ते म्हणाले, नुसतं पोटात जाऊन भागत नाही,
हाडापर्यंत न्यायला ऊन लागतं.

ऊन.
सोलापुरात.
जिथं मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटून मागं राहते.

आई चव्वेचाळीस वर्षं आतल्या खोलीत.
पंखा बंद, तंबाखू उडतो म्हणून.
खिडकीला ओलं पोतं, पानं वाळतात म्हणून.
मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्या,
आणि बाहेर फुकट पडलेलं एवढं ऊन.

आता कामावर निघण्याआधी मी तिला ओट्यावर बसवते.
प्लास्टरचा हात मांडीवर, पाहुणीसारखी अवघडून.
रिकामं बसायची लाज वाटते तिला.
व्यंकम्मा विचारते, बरं नाही का?
परवा म्हणाली, सूप तरी दे, डाव्या हातानं पानं निवडते.
दिलं. वर ओलं फडकं टाकून दिलं.

इथं मी थेंब थेंब सोडते.
तांबडं जांभळ्याकडं झुकतं, अडतं, परत तांबडं.
मग एका थेंबाला
सगळं निळं.
म्हणजे मोकळा आता एकही नाही.

तोटी बंद करायला माझं बोट आखडतं
तेही त्याच्याच हुकमानं, असं पुस्तकात आहे.
"किती?" मास्तर दारातून विचारतात.
मी वहीत आकडा लिहिते.
आईनं आज किती वेळ उन्हात काढला असेल,
त्याचा रकाना वहीत नाही.