आरिया

गोदीत दोनच शब्द पुरायचे.
हबेस म्हणजे उचल.
आरिया म्हणजे सोड, खाली घे, हळू.
एकतीस वर्षं क्रेनच्या काचेच्या खोपटात बसून
मी दोन्ही ऐकले, आणि घरी येताना
एकच बरोबर आणला.

हबेस.
सुवार्ताचा घरखर्च, पोरीची परीक्षा,
देवळातल्या वर्गणीची वही,
कुणी कुठे बसायचं, गॅस कुणी बंद करायचा,
सगळं माझ्याच हँडलवर.
आवाज चढला की उतरायचा नाही.
प्रार्थनेला डोळे मिटले तरी
एक डोळा दाराच्या कडीवर.

आणि बेनू. सख्खा भाऊ.
अकरा वर्षं त्याचं नाव आमच्याकडे कुणी काढलं नाही.
आई गेली त्या दिवशी मी धक्क्यावर,
गव्हाचं जहाज, बदली माणूस मिळेना.
टॅक्सीनं शिवडीला पोचलो तेव्हा
माती लोटून झाली होती.
तासभर थांबला असता तर काय बिघडलं असतं?
एवढं एकच वाक्य मी अकरा वर्षं
हवेत टांगून ठेवलं.
टांगलेल्या मालाखाली कुणी उभं राहू नये,
हा गोदीचा नियम.
आमचं अख्खं घर त्याच्याखाली जेवत होतं.

यंदा उत्तम शुक्रवारी, माझगावला,
भर दुपारचे तीन तास, दोन पंखे बंद.
आढाव पाळक बोलत होते, मी अर्धंच ऐकलं.
आमच्या देवळातला वधस्तंभ रिकामा असतो.
तरी त्या दिवशी मला त्यावर हात दिसले,
खिळ्यांनी उघडे राहिलेले.
मूठ वळताच येत नव्हती त्याला.
ज्याच्या एका शब्दानं वादळ खाली बसलं
त्यानं काहीच धरून ठेवलं नव्हतं,
आमच्यावरचा रागसुद्धा.
मी माझ्या मांडीकडे पाहिलं.
दोन मुठी. नखं तळव्यात रुतलेली.

मग का कोण जाणे, गफूर आठवला.
जहाजाच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही.
तो कडेला उभा राहून हात हलवायचा
आणि मी तीन टन, आंधळ्यासारखा,
माणसांच्या डोक्यांमधून खाली सोडायचो.
खात्री आहे का, असं त्याला कधी विचारलं नाही.
गफूरच्या तळव्यावर एवढा भरवसा.
आणि तुला, प्रभू,
मी रोज वरून सूचना देत होतो.

शनिवारी भांडुपला गेलो.
सुवार्ताला सांगितलं नाही, तिनं डबा भरला असता.
दार बेनूनंच उघडलं. केस पिकलेले,
आईसारखाच उजवा खांदा झुकलेला.
मी वाक्य घेऊनच गेलो होतो. ते निघालंच तोंडातून.
त्यानं उत्तर दिलं नाही. चहा ठेवला.
कप पुढे करताना तळहात दिसला,
त्यावर आडवा पांढरा वळ.
“दोर निसटला होता,” म्हणाला,
“चौघांतले दोघे नवखे, पेटी तिरपी झाली.
मला काय कळतं उतरवण्यातलं?
मग तुझा आवाज काढला.
ओरडलो, आरिया, आरिया, हळू.
पाळकही बघत राहिले.
पण सरळ गेली आई.”

पुढे बराच वेळ आम्ही
नुसता चहा प्यायलो.

राग गेला असं म्हणत नाही.
भार सुटला तरी पोलादी दोर
आपल्या पिळानं काही वेळ गरगरतोच.
कालच रिक्षावाल्यावर ओरडलो,
सुट्या तीन रुपयांसाठी.
पण रात्री कडी तपासायला उठलो
आणि अर्ध्या वाटेवर थांबलो.
अंधारात कुणाचा हात हलताना दिसत नव्हता.
तरी म्हटलं, आरिया.

सुवार्ता झोपेत पुटपुटली, काय झालं?
कडी राहिलीय वाटतं.
राहू दे, म्हणाली.

राहू दिली.